डगचं अस्वल आणि आमची डुकरं

कॅनडात नवीन मराठी माणूस भेटला की घर कुठे घेतलं याच्या पाठोपाठ नोकरीची चौकशी होते. मी "सरकारी" एवढंच सांगायचे आणि विंटर टायर्स बदलले का, असा काहीतरी विषय काढायचे. एका वर्षी मिल्टनच्या गणपतीत मात्र एका बाईंनी पिच्छाच पुरवला. "सरकारी म्हणजे काय हो? टॅक्स? की इमिग्रेशन?" इमिग्रेशन म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलला की घरात कुणाचं तरी कायमच्या वास्तव्याचं पीआर अडकलेलं असणार. म्हटलं, उगाच आशा लावायला नको. "डुकरांच्या कत्तलखान्यात पशुवैद्य आहे," मी सांगून टाकलं. बाईंनी हातातल्या वाटल्या डाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही तुम्हीच केलीत ना?" असं विचारून त्यांनी डिश अलगद टेबलावर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात एका बार्बेक्यूला त्याच बाई पोर्क रिब्ज चवीने खात होत्या. मला राग आला नाही. खाणारा आणि मारणारा यांच्यामध्ये एक भिंत असावी असं सगळ्यांनाच वाटतं. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला मी नोकरी केली.

परभणीला पशुवैद्यकी शिकताना डोळ्यांसमोर गाई-म्हशी होत्या. इथे येऊन परत परीक्षा दिल्या आणि बाहेरून आलेल्या बऱ्याच पशुवैद्यांच्या वाट्याला येतं ते काम माझ्या वाट्याला आलं. इथे शिकलेल्या पशुवैद्यांना कुत्री, मांजरं आणि घोडे हवे असतात. कत्तलखान्यात जायला कुणी उत्सुक नसतं.

काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक डुक्कर मारण्याआधी जिवंत, चालताना बघायचं. लंगडतंय का, धापा टाकतंय का, कातडीवर चट्टे आहेत का. शंका आली तर त्याला वेगळ्या कप्प्यात घालायचं. पुढे गॅसने बेशुद्ध केल्यावर ते खरोखर बेशुद्ध झालंय ना, याची खात्री करायची. नंतर लाईनवर, म्हणजे मारलेली जनावरं टांगून पुढे सरकतात त्या पट्ट्यावर, आमचे निरीक्षक त्याची फुप्फुसं, यकृत, गाठी तपासतात आणि अडलं की मला बोलावतात. मी कंपनीची नोकर नव्हते, सरकारची होते. त्यामुळे मला लाईन थांबवण्याचा अधिकार होता. पण थांबवल्यावर शेकडो माणसं हातात सुऱ्या धरून तुमच्याकडे बघत उभी राहतात, मॅनेजर धावत येतो, आणि तुम्हाला प्रश्न पडतो की आपलं चुकलं तर नाही ना. मला हा प्रश्न दर वेळी पडला. शेवटच्या आठवड्यातही पडला.

उठल्याबरोबर मी आधी हवामान बघायचे. माझे पती श्रीधर म्हणायचे, "शेतकऱ्याच्या घरातसुद्धा एवढं कुणी आभाळ बघत नसेल." पण डुकराला घाम येत नाही. उन्हाळ्यात डुकरांनी भरलेला ट्रेलर उभा राहिला की आतली हवा तापते, डुकरं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. थांबलेला ट्रेलर हा आमचा सगळ्यात मोठा शत्रू. हिवाळ्यात उलटं. ट्रेलरच्या पत्र्याला टेकलेल्या डुकराची कातडी पत्र्यालाच चिकटते. तीस डिग्री झाली तरी मी वेळेआधी निघायचे, आणि उणे वीस झाली तरी.

या सगळ्यात मला एका माणसाचा आधार होता. डग. जनावरं उतरवून घेतात त्या यार्डाचा तो फोरमन. साठीला आलेला, दाराच्या चौकटीत मावेल न मावेल असा देह, बोलणं मात्र हळू. यार्डात डुकरं पुढे ढकलायला विजेची काठी मिळते. डगने ती कुलपात घातली होती. एखादं डुक्कर उतारावर थबकलं तर तो स्वतः थांबायचा. "त्याला सावली दिसतेय, डॉक," तो म्हणायचा. "खड्डा वाटतोय त्याला. बघू दे जरा." मागे ट्रेलर्सची रांग लागलेली असायची, वरून मॅनेजर रेडिओवर ओरडत असायचा, आणि हा डुकराला सावली बघू द्यायचा. एखाद्या ट्रेलरमध्ये काही बिघडलंय असं वाटलं की तो मला फोन करायचा. "डॉक, ये जरा." एवढंच. त्या फोनमुळे कितीतरी जनावरांचे हाल वाचले.

डग शिकारी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. दर नोव्हेंबरला तो हरणाला जायचा आणि सॉसेज करून आणायचा. ते मीही खाल्लंय. सातारच्या माझ्या माहेरी रविवारी मटण असायचं. मांसाला नाक मुरडायचा मला अधिकार नाही, आणि नोकरीने तर तो मुळीच ठेवला नव्हता.

२०१७ च्या वसंतात तो दोन आठवडे सुट्टी घेऊन ब्रिटिश कोलंबियात गेला. तिथे तेव्हा अजून ग्रिझली अस्वलाच्या शिकारीला परवानगी होती. बाहेरच्या माणसाला परवाना आणि वाटाड्या घ्यावा लागायचा. आयुष्यभर डोक्यात असलेली गोष्ट होती ती, असं तो म्हणाला होता. परत आल्यावर कॉफीच्या सुट्टीत त्याने मला फोनवर फोटो दाखवला. दगडांच्या उतारावर एक प्रचंड अस्वल पोटावर पडलेलं, त्याचं डोकं एका ओंडक्यावर टेकवून नीट मांडलेलं, आणि मागे डग गुडघ्यावर बसलेला. डोक्याला आमच्या कंपनीची टोपी. तो हसत होता. इतकं मोकळं हसताना मी त्याला यार्डात कधी पाहिलं नव्हतं.

मी रोज मेलेली जनावरं बघणारी बाई, पण तो फोटो मला बघवला नाही.

"मांसाचं काय केलंस?" मी विचारलं.

त्याने फोन खिशात घातला. "कातडं आणि डोकं आणलं. बाकी तिथेच."

"अस्वल लगेच गेलं?"

"नाही," तो म्हणाला. "पहिली गोळी नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं."

आमच्या लाईनवर एक डुक्कर नीट बेशुद्ध झालं नाही तर मी सगळा कारखाना थांबवते. आणि हे अस्वल रात्रभर. मी उठून आत गेले. दोन-तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

तो फोटो त्याच्या जावयाने कौतुकाने इंटरनेटवर टाकला. आधी ओळखीच्या लोकांनी अभिनंदन केलं. मग कुणा परक्याच्या हाती लागला आणि वणव्यासारखा पसरला. टोपीवरून कुणीतरी कंपनी ओळखली, मग नाव, मग घराचा पत्ता. खाली लोक लिहू लागले: भ्याड, राक्षस, याचंच डोकं भिंतीवर लावा. त्याची बायको कॅरल शाळेच्या ऑफिसात काम करायची. तिथे फोन यायला लागले. घरासमोर कुणीतरी लाल रंग ओतून गेलं. कॅरल नातवंडांना अंगणात सोडेना.

आमच्या गेटबाहेर आधीपासून काही प्राणिप्रेमी माणसं यायची. सिग्नलला ट्रेलर थांबला की फटीतून डुकरांना पाणी पाजायची, त्यांच्याशी बोलायची. शांत माणसं होती. आता त्यांच्या शेजारी वेगळाच जमाव दिसायला लागला, हातात डगचा चेहरा छापलेले फलक. त्यातला एकजण दुपारी रस्त्यापलीकडे बेकन बर्गर खात उभा असलेला मी स्वतः पाहिला. फलक बगलेत धरला होता.

मॅनेजर मार्क मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "मोठी गिऱ्हाईकं फोन करतायत. आमच्या नावाला हे परवडणार नाही."

"काय परवडणार नाही?"

"प्राण्यांशी क्रूरपणा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मागे लाईनची घरघर चालू होती. तो थट्टा करत नव्हता.

मी म्हटलं, "मार्क, तुझ्या यार्डात एकही माणूस त्याच्याइतकं जपून जनावर हाताळत नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण ते कुणाला दिसत नाही. फोटो दिसतो."

माझ्या साहेबांना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, कंपनीने कुणाला ठेवावं हा आपला विषय नाही. ते बरोबरच होतं. आठवडाभरात डगला घरी पाठवलं. रोज हजारोंनी डुकरं मारणाऱ्या कंपनीने एक अस्वल मारलं म्हणून माणूस काढला.

त्या रविवारी माझी मुलगी रेवा घरी आली होती. ती किचनर शहराजवळ युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि शनिवार-रविवार कपडे धुवायला आणि जेवायला यायची. ती इंग्रजीतच बोलते. मी तिचं बोलणं इथे मराठीत लिहिते. मी कोंबडीचा रस्सा केला होता. जेवता जेवता श्रीधरनी डगची बातमी काढली.

"तो तुझ्याकडचा होता?" रेवाचा घास हातातच राहिला. "मी शेअर केला तो फोटो. सगळ्यांनीच केला."

"काय लिहिलंस त्याच्यावर?"

"भ्याड."

माझा आवाज चढला. "तुला माहितीये त्याच्या बायकोला काय काय फोन येतायत?"

"तसले फोन मी केले नाहीत. पण मॉम, त्याने मजेसाठी मारलं. आपण खातो ते गरज म्हणून."

"गरज?" मी तिच्या ताटाकडे बोट केलं. "फ्रिजमध्ये वरण आहे, भाजी आहे. आजही ही कोंबडी लागलीच होती? ते अस्वल निदान डोंगरात हिंडलं, मासे खाल्ले, पिल्लं वाढवली असतील. आमच्याकडे येणारं डुक्कर सहा महिन्यांचं असतं. ट्रकमध्ये चढतं तेव्हा बहुतेकदा पहिल्यांदा ऊन बघतं."

"मग तू का करतेस तिथे नोकरी?"

"जेवताना नको," श्रीधर म्हणाले.

रेवा हळूच म्हणाली, "निदान तुम्ही लोक त्यांच्याबरोबर हसत फोटो काढत नाही."

मला त्या फोटोत जे खुपलं होतं ते नेमकं हेच होतं, आणि मला ते सांगता आलं नव्हतं. पण नुसतं न हसणं एवढाच काय तो आमच्यातला आणि डगमधला फरक असेल, तर तो फार मोठा नव्हता. उरलेला रस्सा दोन दिवस तसाच राहिला. शेवटी मी टाकून दिला, आणि टाकताना जास्तच वाईट वाटलं.

डगच्या जागी आलेला फोरमन चपळ होता, वाईट नव्हता. त्याला आकडे सांभाळायचे होते. विजेची काठी कुलपातून बाहेर आली. नियमात बसेल इतपत वापरत होते. फरक पडला तो फोनमध्ये. "डॉक, ये जरा" बंद झालं. मग मीच उठून यार्डात जायला लागले, सारखी, काही नसलं तरी. निरीक्षक म्हणायचे, तुम्हाला काय झालंय? झोप कमी झाली होती. डोळा लागला की बंद ट्रेलरचा पत्रा दिसायचा.

जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळीच अंगाची लाही व्हायला लागली. आत लाईनवर काहीतरी बिघडलं आणि उतरवणं थांबलं. नव्या फोरमनने ट्रेलर बाहेर रस्त्यावरच उभे ठेवले. मला कुणी कळवलं नाही. मी आत एका संशयित यकृतावर वाकले होते आणि एकाएकी मला जाणवलं की बराच वेळ यार्डातून ट्रेलरच्या दारांचा खडखडाट ऐकू आलेला नाही. मी तशीच, पांढऱ्या कोटात, रक्ताळलेल्या बुटांनी बाहेर धावले.

गेटबाहेर कडक उन्हात ट्रेलर्सची रांग होती. शेवटच्यापाशी पोचले तर आतून तो आवाज येत होता, जो एकदा ऐकला की विसरत नाही. किंचाळणं नव्हे. भात्यासारखी शेकडो श्वासांची घरघर. पाणी पाजणारी माणसं ट्रेलरला लगटून फटींतून बाटल्या रिकाम्या करत होती. फलकवाल्यांनी माझा कोट पाहिला आणि ओरडा सुरू केला. "मर्डरर! मर्डरर!"

त्या घोळक्यात रेवा होती.

मैत्रिणींबरोबर आली होती. हातात डगचा चेहरा. मी तिथे बाहेर येईन असं तिला वाटलं नसणार. तिने मला पाहिलं, मग बाजूच्या ट्रेलरकडे पाहिलं. फटीतून एक नाकाड बाहेर आलं होतं, कोरडं पडलेलं. ती जवळ गेली. फलक तिने कधी खाली टाकला मला कळलं नाही. आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच तिने मला मराठीत विचारलं, "आई, हे असे श्वास का घेतायत?"

"मरतायत," मी म्हटलं. "बाजूला हो."

ड्रायव्हर बिचारा घाबरलेला होता. त्याला सांगितलं, रांग सोड, सरळ आत घे, पाण्याच्या फवाऱ्याखाली. फोरमन आडवा आला: आत जागा नाही. "मग जागा करा," मी म्हटलं. "सगळे ट्रेलर आत येऊन जनावरं सावलीत उतरेपर्यंत लाईन सुरू होणार नाही. सांग मार्कला." माझा आवाज चिरकत होता. माझं चुकलं असतं तर? लाईन दुरुस्त होऊन सुरू व्हायच्या बेतात असती तर? मार्क आला, खूप बोलला, माझ्याविरुद्ध वर तक्रार जाईल म्हणाला. नंतर ती गेलीही. पण ट्रेलर आत आले. सगळी वाचली नाहीत. त्या शेवटच्या ट्रेलरचा खालचा मजला उघडला तेव्हा तिथली बरीच मेलेली होती. बाकीची पाण्याखाली उभी राहिली, हळूहळू शांत झाली. दुसऱ्या दिवशी ती सगळी लाईनवर गेली. हे लिहितानाही मला अवघड जातंय. मी त्यांना एका वाईट मरणातून वाचवून नीटनेटक्या मरणाकडे पाठवलं. यालाच माझं काम म्हणतात.

संध्याकाळी रेवा माझ्या गाडीतून घरी आली. हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता.

"तू रोज बघतेस हे?"

"बघण्याचाच पगार मिळतो मला."

"मग थांबवत का नाहीस?"

"आज थांबवलं ना."

"तसं नाही, मॉम."

ती काय म्हणत होती ते मला कळत होतं. मी एसी वाढवला.

ऑगस्टमध्ये मी डगला भेटायला गेले. कॅरलने दार उघडण्याआधी पडद्याआडून पाहून घेतलं. डग बारीक झाला होता. शाळेची बस चालवायला अप्लाय केलंय म्हणाला. माझ्यावर राग नव्हता; ट्रेलर्सचं त्याच्या कानावर आलं होतं आणि तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, कुठला फार्म, पंखे चालू होते का, खालच्या मजल्यावर किती. मग म्हणाला, "चल, दाखवतो."

अस्वल बेसमेंटमध्ये होतं. मागच्या पायांवर उभं, तोंड उघडं, काचेचे डोळे. छताला डोकं लागायला आलं होतं.

"असं उभं होतं ते?" मी विचारलं.

"नाही. गवत खात होतं. पाठ होती आमच्याकडे." तो जिन्याच्या पायरीवर बसला. "असं उभं करतात. सगळेच करतात."

"का मारलंस, डग?"

त्याने विचार करून उत्तर दिलं. "आयुष्यभर डुकरं उतारावरून वर ढकलली, डॉक. त्यातल्या एकालाही माझ्याशी दोन हात करता आले नसते. एकदा तरी असं जनावर समोर असावं, जे मला मारू शकेल, असं वाटायचं."

"पण त्याला कुठे ठाऊक होतं तू तिथे आहेस?"

तो त्या काचेच्या डोळ्यांकडे बघत राहिला. "नव्हतं," म्हणाला. आणि मग, "पहिली गोळी लागल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. तेवढंच."

ज्यांनी त्याला राक्षस म्हटलं त्यांनी त्याला यार्डात डुकरासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं. आणि यार्डातला डग मला इतका ठाऊक होता, म्हणून ते अस्वल मी माफ करावं, असंही मला वाटेना. मला दोन्ही माणसं एकाच पायरीवर बसलेली दिसत होती. निघताना कॅरलने फळांच्या गोड पायचा डबा दिला. डग दारापर्यंत आला आणि म्हणाला, "नव्या पोराला सांग, उतरवायच्या तिसऱ्या धक्क्यावर दुपारी सावली पडते. तिथे डुकरं थबकतात." मी सांगितलं. त्याने ऐकलंही.

डिसेंबरात रेवाचा फोन आला. ब्रिटिश कोलंबियात ग्रिझलीची शिकार पूर्ण बंद झाली होती. ती अक्षरशः नाचत होती. मलाही मनापासून आनंद झाला. बर्फाखालच्या गुहांमध्ये झोपलेली ती अस्वलं डोळ्यांसमोर आली. वसंतात ती बाहेर येतील आणि कुणी दुर्बीण लावून बसलेलं नसेल. "फार चांगलं झालं ग," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात मार्कने जेवणाच्या खोलीत डोनट्सची खोकी आणली. नवीन वर्षापासून कंपनी दुसरी शिफ्ट सुरू करणार होती. नोकऱ्या वाढणार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांचं चूक नव्हतं; त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर घराचे हप्ते होते. फलकवाले केव्हाच निघून गेले होते. कंपनीला कुणाचा फोन आला नाही.

रेवाने त्या उन्हाळ्यापासून मांस सोडलं. मी सोडलं नाही. कमी झालं, पण सुटलं नाही. तिने मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही, आणि तेच जास्त लागतं.

सुट्टीत घरी आलेली असताना ती एका सकाळी माझ्या आधी उठून मैत्रिणीच्या गाडीतून निघून गेली. मी पोचले तेव्हा गेटबाहेर ती पाणी पाजणारी माणसं उभी होती, टोप्या कानांवर ओढून. त्यांच्यात ती होती. थंडीत पाणी गोठतं म्हणून तिने बाटली जॅकेटच्या आत धरली होती. मी गाडी हळू केली आणि हात केला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या मागून येणाऱ्या ट्रेलरकडे बघत होती. मी गाडी आत घेतली, बूट चढवले, कोट घातला आणि तो ट्रेलर बघायला धक्क्यावर जाऊन उभी राहिले.